जातोय की येतोय

आमच्या शाळेत एक तारखेला पगार कधी आला नाही. पगार सर मात्र रोज यायचे, आणि तेही पहिल्या घंटेच्या आधी. त्यामुळे शाळेत नवीन लागलेल्या प्रत्येक शिक्षकाचा एकदा तरी पोपट व्हायचा. शिपाई स्टाफरूमच्या दारातून ओरडायचा, "पगार आले हो!" आणि नवखा माणूस हातातला चहा खाली ठेवून लगबगीनं उठायचा. दारात उभे असायचे रमेश दगा पगार, कलाशिक्षक. बगलेत कार्डशीटची गुंडाळी, खिशाला शाईचा डाग. "बसा, बसा," ते म्हणायचे. "मी तो नव्हे."

दगा हे त्यांच्या वडिलांचं नाव. बागलाणात, खानदेशात ते सर्रास ठेवतात, पण आमची शाळा पडली नाशकात, सिडकोत. हजेरीपटावर ते वाचून लोक दचकत. सर शांतपणे सांगायचे, "आधी दगा, मग पगार. मास्तराच्या आयुष्यात आणखी काय असतं?"

समोर काहीही आलं की सर दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून चौकट करायचे आणि एक डोळा मिटून तिच्यातून बघायचे. हेडसरांचं भाषण, वर्गातली मारामारी, मांडवातलं नवरा-नवरीचं जोडपं, काहीही. बघून झालं की हात खाली घेऊन म्हणायचे, "पुढच्या चौकटीत बघू." हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. शाळेची तपासणी येणार? पुढच्या चौकटीत बघू. मुलीला स्थळ सांगून आलंय? पुढच्या चौकटीत बघू. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा धीर घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी चौकटीतून माझ्या पोटाकडे नीट बघितलं आणि तेच म्हणाले. मी नंतर बरेच दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.

तसं आमचं जमायचं काही कारणच नव्हतं. मी मराठी शिकवायचो. शब्दांवर पोट भरणारा माणूस. आणि सरांना शब्दांची कीव यायची. ते एक चित्रकथा काढत होते. मी शाळेत लागलो तेव्हा काढत होते, आणि निवृत्त झालो तेव्हाही काढतच होते. अंतराळातली साहसकथा, पण तिच्यात एक अक्षर नाही. बोलण्याचे फुगे नाहीत, "इकडे राजू म्हणाला" नाही, "धाडकन" नाही, पानावर आकडासुद्धा नाही. मी एकदा म्हणालो, "सर, निदान नाव तरी द्या गोष्टीला." तर म्हणाले, "नाव दिलं की लोक नावच वाचतात."

दोन चौकटींच्या मधे जी कोरी पट्टी राहते तिला ते बोळ म्हणायचे. "सर, गोष्ट चौकटीत नसते. गोष्ट बोळात घडते. चौकटीत फक्त बोळात शिरणारा दिसतो आणि बोळातून बाहेर पडणारा दिसतो." मी जुन्या नाशकात वाढलेला. बोळात काय काय घडतं ते मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. पण हा सिद्धांत त्यांनी आठवीच्या वर्गालाही शिकवला, आणि तिथं घोटाळा झाला.

फळ्यावर त्यांनी दोन चौकटी काढल्या. पहिलीत हेडसरांच्या केबिनचं बंद दार. दुसरीत तेच दार सताड उघडं आणि शिपाई चपला हातात घेऊन पळतोय. मग वर्गाला विचारलं, "मधल्या बोळात काय झालं?" वर्गाला स्वर्ग दोन बोटं उरला. कुणी म्हणालं हेडसरांनी डस्टर फेकून मारलं, कुणी म्हणालं आत साप निघाला, मागच्या बाकावरून एकानं जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. हसण्याचा आवाज ऐकून प्रत्यक्ष हेडसर दारात येऊन उभे राहिले. फळ्याकडे बघत राहिले. मग अगदी थंड आवाजात म्हणाले, "पगार सर, मलाही कळू द्या. मधे काय झालं?"

"ते ज्यानं त्यानं ठरवायचं असतं, सर," पगार सर म्हणाले.

हेडसरांनी ठरवलं. त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या रांगोळ्या, स्टेज, पडदे, कमान आणि प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीमागचा मोर असं सगळं एकट्या पगार सरांच्या गळ्यात पडलं.

आता त्या चित्रकथेबद्दल सांगायला हवं. माझ्यासारख्या माणसानं ती शब्दांत सांगावी हा सरांनी माझ्यावर उगवलेला सूडच आहे, पण प्रयत्न करतो.

सरांचे मामा नामपूरच्या कांदा मार्केटात मापारी होते, म्हणजे आलेला माल काट्यावर तोलणारे. कथेचा नायक तोच. डोक्याला टोपी, गळ्यात उपरणं, खांद्यावर भला मोठा तोलकाटा. हा मापारी ग्रह तोलायला अंतराळात जातो. पहिल्या पानावर बायको त्याला ओवाळते आहे. मग तो काट्याच्या एका पारड्यात बसतो, दुसऱ्या पारड्यात चंद्र उतरतो, आणि हा वर जातो. जाता जाता त्याला एक ग्रह लागतो, आणि तो ग्रह म्हणजे कांदा आहे. नखानं एक पापुद्रा सोलला की आत दुसरं आभाळ, ते सोललं की तिसरं. दर आभाळाचा रंग वेगळा, दर आभाळाखाली वेगळी माणसं. एका थरात लोकांच्या सावल्या उभ्या असतात आणि माणसं जमिनीवर आडवी पसरलेली. एका थरात सगळे पक्षी झाडांना मुळ्यांसारखे लागलेले. आणि जसजसा तो सोलत जातो तसतसं त्याच्या डोळ्यांना पाणी येतं. पण तिथं खाली असं काही नाही, त्यामुळे अश्रू पडत नाहीत. ते त्याच्याभोवती फिरायला लागतात, छोटे छोटे चंद्र होऊन.

हे पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बोलायला काही सुचलं नाही. शब्द न सुचण्याची ही माझी स्टाफरूममधली पहिलीच वेळ.

विज्ञानाच्या मोरे मॅडमना मात्र सुचलं. "सर, गुरुत्वाकर्षण नाही तर त्याच्या डोक्यावर टोपी कशी राहील?"

"मॅडम, गुरुत्वाकर्षण नसेल. लाज तर आहे ना?"

आणि त्या कांद्याच्या अगदी आत, गाभ्यात, राक्षस होता. लाकडी हातांचा, कंगव्यासारख्या बारीक बारीक दातांचा, आणि त्याच्या तोंडात सारखं काहीतरी इकडून तिकडे धावत असायचं. तो मापाऱ्याला खातो आणि गोष्ट संपते. मी विचारलं होतं, "हा असला राक्षस तुम्हाला सुचला कुठून?" सर म्हणाले, "सुचला नाही. तो तसाच होता." आणि मग विषय बदलला.

सरांच्या घरी सुनंदावहिनींना या प्रकरणाचा मनस्वी कंटाळा होता. त्या सटाण्याकडच्या, चिडल्या की अहिराणीवर यायच्या. एकदा मी घरी गेलो तर जेवणाच्या टेबलावर पानं पसरलेली, आणि वहिनी हातात पातेलं घेऊन उभ्या. "हाई काय शे? माले भाजी ठेवाले जागा नही!" मग पातेलं तसंच धरून त्या जरा वाकल्या आणि बघत राहिल्या. "आनि तो मानूस काबर रडी राह्यना?"

"कांदा सोलतोय," सर म्हणाले.

"बायकोले सोडीसन गया म्हनीसन रडी राह्यना तो," वहिनी म्हणाल्या, आणि पातेलं सरळ चंद्रावर ठेवलं. त्या पानावर तेलाचा गोल उमटला. सरांनी तो पुसला नाही. त्याला कडा काढून तिथं आणखी एक ग्रह केला.

ही कथा छापायची कुणी? सरांनी कुणा प्रकाशकाला दाखवल्याचं मला आठवत नाही. शेवटी आमच्याच शाळेच्या वार्षिक अंकात तिची काही पानं घ्यायचं ठरलं. अंकाचा संपादक मी. छपाईचं काम रविवार कारंजाजवळच्या एका बोळातल्या भास्करशेठच्या प्रेसकडे. भास्करशेठची सगळी हयात लग्नपत्रिका छापण्यात गेलेली. त्यांच्या प्रेसमधे शाळेचा अंकसुद्धा गणपतीच्या कृपेनं सुरू होऊन आहेरावर संपायचा, असं आम्ही म्हणायचो.

अंक छापून आला. उघडून पाहतो तर मापाऱ्याची गोष्ट उलटी. सगळी पानं आणि पानावरच्या सगळ्या पट्ट्याही शेवटापासून सुरुवातीकडे लावलेल्या. सुरुवातीलाच राक्षसाच्या तोंडात माणूस, आणि शेवटी बायको ओवाळते आहे.

अंक बगलेत मारला. मी तसाच भास्करशेठकडे गेलो. ते अजिबात ओशाळले नाहीत. उलट मलाच समजावायला लागले.

"सर, पानांवर नंबर नाही, अक्षर नाही. मी चित्र बघूनच लावणार ना? आता राक्षस माणूस खातो तिथं गोष्ट संपवली असती, तर समोरच्या पानावर कोण आलं असतं माहितीये का? संस्थेचे अध्यक्ष! फोटोसकट! राक्षसाचं तोंड उघडं आणि समोर साहेब. बरं दिसलं असतं का?"

"पण शेठ, ती सुरुवात आहे. बायको त्याला निरोप देतेय."

"निरोप?" भास्करशेठनी चष्मा वर केला. "अहो, हातात ताट आहे, निरांजन आहे. माणूस घरी आला की ओवाळतात. आमच्या धंद्यात शेवट मंगल पाहिजे."

तेही खोटं नव्हतं. निघताना ओवाळतात आणि आल्यावरही ओवाळतात. चित्रात निरांजन सारखंच दिसतं.

शाळेत अंकाचं कौतुक झालं. हेडसर तर प्रार्थनेनंतर म्हणाले, "पगार सरांनी यंदा फार सुंदर संदेश दिला. माणूस कितीही मोठ्या संकटात सापडला तरी शेवटी सुखरूप घरी येतो." टाळ्या पडल्या. मी चोरून सरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस फुटणार. पण ते अंकात तोंड घालून बसले होते. एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे. मधल्या सुट्टीत चहाला आले नाहीत. शाळा सुटल्यावर मी त्यांना सायकल स्टँडवर गाठलं आणि माफी मागायला तोंड उघडलं.

"इक्बाल बरोबर होता," सर म्हणाले.

"कोण इक्बाल?"

मग त्या सायकल स्टँडवरच त्यांनी मला सांगितलं. त्यांचं लहानपण मालेगावातलं. वडील हिवताप खात्यात, घरोघर फवारणी झाली की भिंतीवर गेरूनं तारीख रंगवायचे. रंगाचं वेड तिथूनच आलं. शेजारी इक्बालचं घर, त्याच्या वडिलांचे यंत्रमाग. रमेश मराठी शाळेत, इक्बाल उर्दू शाळेत. एकाला दुसऱ्याचं अक्षर वाचता येत नसे, म्हणून रमेशनं त्याच्यासाठी बिनअक्षरांची गोष्ट काढली होती, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. मामा मापारी, कांद्याचा ग्रह, राक्षस, खल्लास. इक्बालनं कागद हातात घेतला आणि उजवीकडून बघायला सुरुवात केली, कारण उर्दू उजवीकडूनच वाचतात. त्याला दिसली ती गोष्ट अशी की राक्षसाच्या तोंडातून एक माणूस बाहेर पडतो, रडत रडत सगळा कांदा परत मिटवत येतो, आणि घरी बायको त्याला दिवा दाखवते. तो खूष होऊन म्हणाला, "मस्त! बच गया!" रमेश म्हणाला, "बच गया कुठं? मेला तो." इक्बाल म्हणाला, तू उलटी काढलीस. रमेश म्हणाला, तू उलटी वाचलीस. शब्दावरून शब्द वाढला. शब्द नसलेल्या गोष्टीवरून इतके शब्द वाढले की रमेशनं कागद फाडला आणि इक्बालनं त्याला गटारीत ढकललं.

"मग?"

"मग काय, त्याच उन्हाळ्यात वडिलांची नाशकात बदली झाली. निघताना तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही." सरांनी सायकलचं कुलूप काढलं. "मला वाटायचं, जन्मभर मी ती गोष्ट नीट करतोय. आज कळलं, अर्धीच करत होतो."

त्या दिवसापासून सरांनी सगळं पहिल्यापासून काढायला घेतलं. आता गोष्ट दोन्हीकडून चालली पाहिजे होती. डावीकडून बघितलं तर मापारी जातो, उजवीकडून बघितलं तर येतो, आणि दोन्ही खरं वाटलं पाहिजे. हे किती अवघड आहे ते मला हळूहळू कळलं. डावीकडून उजवीकडे चाललेला माणूस आपल्याला निघालेला दिसतो, उलट दिशेचा परतणारा दिसतो. आता एकाच माणसानं दोन्ही करायचं. म्हणून सर मुलांना व्हरांड्यात उलटं चालायला लावायचे आणि स्वतः खडूनं टिपणं काढायचे. एकदा त्यांनी मला तासभर जिना चढत-उतरत असल्यासारखं मधल्या पायरीवर उभं केलं. "सर, असे उभे राहा की तुम्ही वर चाललाय की खाली ते कळता कामा नये." तेवढ्यात हेडसर आले आणि म्हणाले, "तुमचं नेहमीच असं असतं, त्यात नवीन काय?"

उजवीकडून वाचणारा माणूस आमच्या शाळेत कुठून आणायचा? सरांनी खेळाच्या शिंदे सरांना पकडलं. ते पेपर कायम मागून वाचायचे, खेळाचं पान शेवटी असतं म्हणून. शिंदे सरांनी सवयीनं मागूनच सुरुवात केली, तोंडात बोट घालून शेवटपर्यंत गेले आणि म्हणाले, "आला बुवा घरी. बरं झालं. पण पळताना टाच आधी टेकवतोय, ते चुकीचं आहे." सर एवढे खूष झाले की त्यांनी त्यांना मिसळ खाऊ घातली. आणि टाच सुधारली.

यात वर्षं गेली. आम्ही दोघंही निवृत्त झालो. गोष्ट पुरी झाली तेव्हा सर ती घेऊन पुन्हा भास्करशेठकडेच गेले. शेठनी लग्नपत्रिकेची विद्या पणाला लावली आणि एकच प्रत तयार केली, पंख्यासारख्या घड्यांची. उघडली की एक लांबच लांब पट्टी. राक्षस आता मधोमध आला होता, त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याचे थर आणि ओवाळणारी बायको. दोन्ही टोकांना सारखंच जाड कव्हर, त्यामुळे सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे कळायची सोय नाही. "एकच प्रत?" मी विचारलं. "वाचणारा एकच आहे," सर म्हणाले.

पण वाचणाऱ्याकडे जायचं नाव निघालं की "पुढच्या चौकटीत बघू." महिने गेले. ते घाबरले होते. इक्बाल तिथं नसला तर? या जगातच नसला तर? आणि असला, पण त्यानं ओळखलंच नाही तर? या शेवटच्या भीतीनं त्यांची झोप उडाली होती. एका माणसासाठी आयुष्यभर काढलेली गोष्ट, आणि तो माणूस म्हणाला "आप कौन?", तर काय राहिलं? शेवटी मी चिडून म्हणालो, "सर, तुमची पुढची चौकट येणार कधी? तुम्ही बोळातच राहायला गेलात."  दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मालेगावच्या एसटीत होतो. चांदवडचा घाट लागला तेव्हा त्यांनी अट घातली. "तिथं माझं नाव सांगायचं नाही. गोष्ट बघून त्यानं ओळखलं तर ठीक. नाही तर आपण परत."

मालेगावात उतरलो. सरांची जुनी गल्ली राहिली नव्हती, नाव तेवढं होतं. कोपऱ्यावर चहाची टपरी. मी विचारलं, "इक्बाल कुठं राहतात?" टपरीवाल्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी नाशकात उभं राहून गोदावरी कुठं आहे ते विचारलंय. "कौनसा इक्बाल, चाचा? पत्थर फेंको तो किसी इक्बाल को लगता है इधर."

आडनाव सरांना ठाऊक नव्हतं. कुठल्या मुलाला मित्राचं आडनाव ठाऊक असतं? त्यांनी खिशातून पेन काढलं, टपरीवरच्या कागदावर दोन चौकटी आखल्या. पहिलीत एक पोरगा, हडकुळा, कान भलतेच बाहेर आलेले. दुसरीत तोच म्हातारा केला. टक्कल दिलं, छातीपर्यंत दाढी दिली, चष्मा दिला. टपरीवर चार माणसं जमली. कागद या हातातून त्या हातात गेला. आणि मग एकजण ओरडला, "अरे, ये कान! ये तो इक्बाल सेठ के कान है!"

इक्बाल सेठना टक्कल नव्हतं, दाढी नव्हती, चष्माही नव्हता. डोक्यावर भरगच्च पांढरे केस. पण कान तेच.

कारखान्याच्या दारातच आवाजानं आम्हाला मागे लोटलं. ओळीनं माग चालू, खटखट खटखट, स्वतःच्या मनात काय चाललंय तेही ऐकू येऊ नये. तिथली माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत होती. इक्बाल सेठ एका लांब टेबलाजवळ उभे राहून कापडाचा तागा तपासत होते. आम्हाला बघून त्यांनी भुवया उडवल्या. काय काम? टपरीवरून आमच्यासोबत आलेल्या माणसानं त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडून काहीतरी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या कानाकडे बोट करून हात झटकला. आयुष्य मागांत गेलेलं, कानांत आता फारसं काही शिरत नव्हतं. एवढे मोठे कान, आणि मी शब्दांचा माणूस, तिथं माझा काडीचा उपयोग नव्हता.

सर पुढे झाले. टेबलावरचा तागा त्यांनी एका बाजूला सारला, पिशवीतून गोष्ट काढली आणि तिच्या घड्या उलगडत गेले. पट्टी टेबलभर पसरली. सर डाव्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि इक्बाल सेठना हातानं खुणावलं, बघा. इक्बाल सेठ कुठल्या टोकाला गेले हे सांगायला नकोच. उजव्या.

मग ते दोघं आपापल्या टोकाकडून बघायला लागले. सरांना प्रत्येक रेघ पाठ होती, पण ते नवीन असल्यासारखं एकेका चौकटीवर थांबत होते, आणि तिरप्या नजरेनं पलीकडे बघत होते. त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. इक्बाल सेठ आधी उगाच, पाहुण्याचं मन राखायला बघावं तसे बघत होते. मग ते वाकले. त्या सावल्यांच्या थराशी आल्यावर हसले. अश्रूंच्या चंद्रांवरून त्यांनी बोट फिरवलं. एकेक पाऊल आडवं सरकत दोन म्हातारे एकमेकांकडे येत होते, आणि मधे एकच चित्र उरलं तेव्हा त्यांचे खांदे एकमेकांवर आपटले.

मधलं चित्र राक्षसाचं. मापारी त्याच्या तोंडात, निम्मा आत, निम्मा बाहेर.

इक्बाल सेठ त्या चित्राकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि अगदी जवळून सरांच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांनी हात उंचावून कुणाला तरी खूण केली. एकेक करत माग थांबले. एवढ्या आवाजानंतरची ती शांतता मला कानांत टोचली.

"अबे," इक्बाल सेठ म्हणाले, "निकल रा है ना ये?"

 मला वाटलं, आता सर रडणार, गळ्यात पडणार. मी रुमालसुद्धा काढून ठेवला होता. पण सर चित्रावर बोट टेकवून ओरडले, "जातोय तो! आत जातोय!"

"निकल रा है!"

"अरे, राक्षस खातोय त्याला!"

"राक्षस?" इक्बाल सेठनी चित्रावर हात आपटला. "कहाँ का राक्षस? लूम है ये! ये देख फणी, ये देख धोटा. अब्बा रोज सुबह इसमें जाते थे, और रोज शाम को निकलते थे. मैं दरवाजे पे खड़ा रहता था. ये खाता होता, तो मैं क्या खाता?"

आणि तेव्हा मला दिसलं. समोर थांबलेल्या मागाला तसेच लाकडी हात होते, तसेच कंगव्यासारखे बारीक दात, आणि मधे इकडून तिकडे धावता धावता थांबलेला धोटा. सर मागाकडे बघत होते, चित्राकडे बघत होते. शेजारच्या घरातल्या त्या खटखटीला भिणारा एक लहान मुलगा मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

पगार सर मागच्या वर्षी गेले. मी मालेगावहून परतल्यावर लगेच मुलीकडे पुण्याला राहायला गेलो होतो. शाळेच्या ग्रुपवर "पगार गेले" एवढाच मजकूर आला, आणि कुणा नव्या मास्तरानं खाली विचारलं, "कुणाच्या खात्यातून?" मी हसलो आणि मग मला फार रडू आलं. वहिनींना फोन केला, तर त्या म्हणाल्या, आजारी पडेपर्यंत दर शुक्रवारी मालेगावला जायचे, त्या दिवशी माग बंद असतात म्हणून. आणि दर शुक्रवारी रात्री भांडून आल्यासारखे खूष होऊन यायचे.

मी मात्र मालेगावच्या त्या दिवसानंतर त्यांना पाहिलं नाही. मला शेवटचे दिसले ते असे. नाशिकची एसटी सुटायची वेळ झाली होती. माग पुन्हा सुरू झाले होते. टेबलाशी दोन म्हातारे, एकाच चित्रावर दोघांची बोटं. आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण इक्बाल सेठ मूठ छातीपासून बाहेर नेत होते, आणि सर बाहेरून आत. बाहेर. आत. बाहेर. आत. मी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि घड्याळ दाखवलं. त्यांनी वळूनही बघितलं नाही. माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले,

"तुम्ही व्हा पुढं, सर! आमचं अजून ठरायचंय!"